मुलाच्या मोबाइलमधला ‘एमडी’ नेमका कुठला?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते:

‘माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. हॉटेल मॅनेजमेंट शिकतो आणि सीझनमध्ये संध्याकाळी मांद्र्याला किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात, शॅकवर काम करतो. आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक यादी आली: “तुमच्या मुलांच्या चॅटमध्ये हे शब्द दिसले तर समजा, मूल ड्रग्जच्या नादी लागलंय.” मी त्याचा मोबाइल उघडून बघितला. यादीतले चार शब्द सापडले: माल, क्रीम, स्टॅम्प आणि एमडी. “माल आलाय, लवकर ये” असा शॅकवरच्या मुलाचा मेसेज आहे, दुपारी साडेतीनचा. “क्रीम संपलंय, बटर पण” असा एक आहे. “हातावर स्टॅम्प मारून घे, मग ये” असा एक. आणि यानेच एका मित्राला लिहिलंय, “एक गेस्ट एमडी विचारतोय, काय सांगू?” त्यावर मित्राचं उत्तर एवढंच: “कॉल कर.” ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मोबाइल काढून घे, कॉलेज बंद कर, कोल्हापूरला मामाकडे पाठव. मला रात्र रात्र झोप नाही. या शब्दांचे खरे अर्थ काय आणि मी काय करू, दोन्ही सांगा.’

ताई,

कोल्हापूरची गाडी एवढ्यात बुक करू नका. तुमच्या पत्रात काळजी करण्यासारखी एक ओळ आहे, पण ती यादीने दाखवली ती नव्हे. तिच्यापाशी येते, आधी तुमच्या शब्दांचं बघू.

‘माल’ सोडूनच द्या. दुपारी साडेतीनला शॅकवर येणारा माल म्हणजे बियरचे क्रेट, मासळी, भाजी, आणि तो उतरवायला माणसं लागतात. ‘क्रीम’च्या पुढेच बटर आहे, म्हणजे ते स्वयंपाकघरातलंच. यादीत हा शब्द का आला तेही सांगते. हिमाचलमध्ये मलाणा गावच्या चरसला ‘क्रीम’ म्हणतात. उन्हाळा कसोल-मनालीत आणि हिवाळा हरमल-हणजुण्यात काढणारे पर्यटक तो शब्द इथवर घेऊन येतात. त्यांच्या तोंडी ‘क्रीम’ म्हणजे चरस, कुकच्या तोंडी ‘क्रीम’ म्हणजे क्रीम.

‘स्टॅम्प’चंही तसंच. हातावर मारायचा स्टॅम्प म्हणजे पार्टीच्या दारावरचा शिक्का, आत-बाहेर करताना पुन्हा पैसे मागू नयेत म्हणून मारतात तो. पण मोरजीत वर्षानुवर्षं येणाऱ्या रशियन लोकांच्या बोलीत ‘मार्का’ म्हणजे पोस्टाचं तिकीट, आणि त्याच शब्दाने ते एलएसडी हे भास घडवणारं रसायन लावलेल्या कागदाच्या तुकड्यालाही ओळखतात. आपल्याकडची मुलं त्याला ‘टिकट’, ‘पेपर’ किंवा ‘ॲसिड’ म्हणतात. तुमच्या सासूबाईंना ‘ॲसिड’ म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांपुढे न्हाणीघर घासायची बाटली येईल. आणि त्या कागदावर एलएसडीच असतं असंही नाही. त्याच आकाराच्या, तशाच चित्रांच्या तुकड्यांवर ‘एनबोम’ नावाचं दुसरंच रसायन लावून विकलेलं जगभर सापडलं आहे, आणि त्याने माणसं दगावली आहेत.

आता एमडी. इथे मला जरा थांबायचं आहे.

मुंबई-पुण्याहून आलेला मुलगा ‘एमडी’ म्हणतो तेव्हा त्याला मेफेड्रोन म्हणायचं असतं. वर्तमानपत्रांत ‘म्याऊ म्याऊ’ म्हणून वाचलं असेल, तेच. ब्रिटनने त्यावर २०१० मध्ये बंदी घातली, आपल्याकडे ते २०१५ मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. इंग्लंडहून आलेला पाहुणा ‘एमडी’ म्हणाला तर त्याच्या मनात बहुतेक एमडीएमए असतं, ज्याला तिकडे ‘मँडी’ आणि अमेरिकेत ‘मॉली’ म्हणतात. ही दोन वेगळी रसायनं आहेत. एमडीएमएचा अंमल चार-सहा तास टिकतो. मेफेड्रोनचा दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून घेणारा पुन्हा घेतो, पुन्हा घेतो, आणि रात्रभरात किती पोटात गेलं याचा त्यालाच हिशेब राहत नाही. एक नाव, एक पांढरी पूड, मागणारा एका देशातला, देणारा दुसऱ्या शहरातला. दोघांनाही वाटतं आपलं बोलणं कळलं. या गैरसमजात माणसाचा जीव जाऊ शकतो.

‘क्रिस्टल’ची गत तर याहून वाईट. युरोपातल्या कितीतरी जणांसाठी क्रिस्टल म्हणजे एमडीएमएचे खडे. अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन माणसासाठी तो मेथॅम्फेटामीन हा जहाल उत्तेजक पदार्थ, म्हणजे ‘आइस’. तुमच्या मुलाला शॅकवर दिवसातून पन्नास वेळा ‘आइस’ मागतात, आणि त्याने बर्फच द्यायचा असतो.

कायदा मात्र या टोपणनावांकडे ढुंकूनही बघत नाही. प्रयोगशाळेत काय निघालं आणि किती ग्रॅम, एवढंच तो पाहतो. एमडीएमएची ‘व्यावसायिक मात्रा’ १० ग्रॅमपासून सुरू होते, मेफेड्रोनची ५० ग्रॅमपासून. म्हणजे खिशात बारा ग्रॅम ‘एमडी’ सापडलेल्या माणसाला एका रसायनासाठी किमान दहा वर्षांचा तुरुंगवास, आणि दुसऱ्यासाठी मधल्या टप्प्याची, कमाल दहा वर्षांपर्यंतची शिक्षा. आपल्या खिशात यातलं कुठलं आहे, हे त्या मुलालाच ठाऊक नसतं.

हे सगळं इतकं गुंतागुंतीचं का झालं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. गांजाचंच उदाहरण घ्या. शब्द आपला. एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया, म्हणजे करारावर परदेशी नेलेले मजूर तो जमैकाला घेऊन गेले आणि आज तिथली माणसं तो स्वतःचाच म्हणून वापरतात. ‘हशीश’ हा अरबी शब्द, मूळ अर्थ गवत, वाळलेला चारा. इंग्रजीतही गांजाला ‘ग्रास’ म्हणजे गवतच म्हणायचे. पण व्यवहारात हशीश म्हणजे झाडाची राळ आणि ग्रास म्हणजे फुलं-पानं. दोन भाषांनी एकच शब्द योजला आणि वस्तू दोन निघाल्या. आपली भांग तर पाहा. मराठी घरात भांग म्हणजे केसांचा, नाहीतर महाशिवरात्रीची. एनडीपीएस कायद्याच्या व्याख्येत चरस आणि गांजा येतात, नुसती पानं येत नाहीत. म्हणून राजस्थानात, उत्तर प्रदेशात भांगेची परवाना असलेली दुकानं आहेत. जैसलमेरचं असं दुकान पाहून आलेला परदेशी पाहुणा गोव्यात उतरतो तो ‘इंडियात हे चालतं’ अशी समजूत घेऊनच, आणि मग तुमच्या मुलासारख्या वेटरला उघड उघड विचारतो. पानं आणि फुलं यांतला कायद्याचा फरक त्याला कुणी सांगितलेला नसतो.

खुद्द ‘ड्रग’ हा शब्दच घ्या. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने औषधी द्रव्यांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. पणजीच्या बागेला त्याचं नाव आहे. त्या ग्रंथात भांगेवर आणि अफूवर लिहिलेलं आहे, तसंच मिरी, दालचिनी, हिंगावरही आहे. ‘द्रोगास’ म्हणजे तेव्हा हे सगळंच, दुकानात मिळणारी औषधं आणि मसाले. अमेरिकन म्हातारी आजही ‘ड्रगस्टोअर कुठे आहे’ म्हणून विचारते तेव्हा तिला रक्तदाबाची गोळी हवी असते. आयरिश पाहुणा ‘व्हेअर्स द क्रॅक?’ म्हणतो, तेव्हा तो मजा कुठे चाललीय, गाणंबजावणं कुठे आहे, हे विचारत असतो. आयर्लंडमध्ये गप्पागाण्यांच्या रंगलेल्या बैठकीसाठी हा रोजचा शब्द आहे. उच्चार तोच, पण कोकेनच्या ‘क्रॅक’शी त्याचा काही संबंध नाही.

आणि तुम्ही कोल्हापूरचं नाव काढलंत म्हणून सांगते. तुमच्या भावाच्या घरी उपासाला शाबू भिजत घालतात ना? आपण साबुदाणा म्हणतो, ते शाबू म्हणतात. फिलिपिन्समध्ये ‘शाबू’ म्हणजे मेथॅम्फेटामीन. जपानमध्ये ‘शाबू-शाबू’ हे उकळत्या पाण्यात मांसाचे पातळ काप बुडवून खायचं जेवण. गोव्यातली किती मुलं तारवटी, म्हणजे जहाजावरचे कामगार होऊन क्रूझवर जातात आणि तिथे निम्मी सोबत फिलिपिनो असते, हे तुम्ही जाणताच. तुमचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकतोय, उद्या तोही जाईल. कॉमन केबिनमधल्या गप्पांत ‘आमच्याकडे उपासाला शाबू लागतो’ हे वाक्य त्याने कुणापुढे बोलावं, कुणापुढे नको, हे त्याला आधी ठाऊक असलेलं बरं. फिलिपिन्समधले अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत, आणि त्या शब्दावरून तिथे हजारो घरं रडलेली आहेत.

एकच शब्द दोन खंडांत किती लांब जातो त्याचं अगदी अलीकडचं उदाहरण आहे. अमेरिकेत ‘कुश’ म्हणजे गांजाची एक जात. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये ‘कुश’ नावाने जे विकलं जातं त्यात कृत्रिम रसायनं आहेत, काही नमुन्यांत तर ‘निटाझीन’ गटातली अतिशय जहाल अफूसदृश द्रव्यं सापडली. त्याने इतकी मुलं गेली की एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आणीबाणी पुकारली. ‘कुश म्हणजे साधा गांजाच की’ असं समजून ते ओढणाऱ्याचं काय होत असेल, विचार करा.

तर तुमच्या ग्रुपवर आली तशी यादी या सगळ्यापुढे टिकत नाही. अशा याद्या बहुतेक अमेरिकन असतात. तिथली डीईए ही अमली पदार्थविरोधी यंत्रणा आपल्या पोलिसांसाठी सांकेतिक शब्द गोळा करून प्रसिद्ध करते. मग कुणीतरी त्यातले निम्मे उचलतं, त्यात दोन हिंदी शब्द घालतं आणि पुढे ढकलतं. आयांना यादी मिळाली की मुलं शब्द बदलतात. आमच्या पिढीने ‘गर्द’ हा शब्द किती भीतीने ऐकला! पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं तेव्हा गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगर या भेसळीच्या हेरॉइनच्या व्यसनाने सगळ्यांची झोप उडवली होती. ‘गर्दुल्ला’ हा शब्द मराठीत तिथूनच रुळला. आज तुमच्या मुलाला ‘गर्द’ म्हटलं तर त्याला गर्द झाडी आठवेल. पंजाबात त्याच हेरॉइनला ‘चिट्टा’ म्हणतात.

आता ती ओळ. ‘एक गेस्ट एमडी विचारतोय, काय सांगू?’

नीट वाचा. त्याला एमडी हवंय असं त्यात कुठेही नाही. गिऱ्हाइकाने काहीतरी मागितलं आणि पोरगा अडचणीत सापडला, म्हणून त्याने विचारलं, पण विचारलं चुकीच्या माणसाला. मला भीती वाटते ती मित्राच्या ‘कॉल कर’ची. जे लिहून ठेवायचं नसतं ते लोक फोनवर बोलतात. मित्राने ‘सरळ नाही म्हणून सांग’ म्हटलं असेल तर ठीक. ‘हा नंबर दे, पाचशे रुपये टिप मिळेल’ म्हटलं असेल तर तुमचा मुलगा अशा उंबऱ्यावर उभा आहे, ज्याच्या पलीकडे काय आहे ते त्याला दिसत नाही. किनाऱ्यावर काम करणारी किती तरी चांगल्या घरची पोरं अशीच अडकतात. त्यांनी स्वतः कधी काही घेतलेलं नसतं, नुसता नंबर दिलेला असतो. एनडीपीएस कायद्याच्या कलम २९ प्रमाणे गुन्ह्याला मदत करणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. ‘मी फक्त नंबर दिला’ ही सबब तिथे चालत नाही. शॅकच्या मालकालाही हे ठाऊक असायला हवं. आपली जागा अशा व्यवहाराला जाणूनबुजून वापरू दिली तर कलम २५ त्याच्यासाठी आहे.

म्हणून त्याच्याशी बोला, पण शब्दांची यादी समोर धरून नको. पहिलं वाक्य हे असू दे: ‘मी तुझा मोबाइल बघितला.’ हे लपवून पुढचं विचारलंत तर त्याच्या लक्षात येईलच, आणि मग तो एक शब्द बोलणार नाही. तो चिडेल. चिडू द्या. मग विचारा, तो गेस्ट कुठला होता, त्याला नेमकं काय हवं होतं, तू काय सांगितलंस, मित्र फोनवर काय म्हणाला. याच क्रमाने. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, पण तो पहिला विचारलात तर झडती घेतल्यासारखा वाटेल. ‘गेस्ट कुठला’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला आवडेल, कारण ते त्याच्या कामातलं ज्ञान आहे. रशियन कसे मागतात, मुंबईकर कसे मागतात, हे तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

शॅकवर कुणी पुन्हा विचारलं तर काय बोलायचं, ते त्याच्याकडून पाठ करून घ्या. ‘सॉरी सर, आय कान्ट हेल्प यू विथ दॅट.’ एवढंच. ‘कुठलं हवं?’ नाही, ‘थांबा, बघतो’ नाही, हसून डोळा मारणं तर मुळीच नाही. आणि लगेच मॅनेजरच्या कानावर घालायचं.

तो स्वतः काही घेत असेल का? हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि त्याच्या चॅटमधल्या शब्दांवरून तुम्हीही सांगू शकणार नाही. सीझनमध्ये रात्री दोनला घरी येणं आणि दुपारी बाराला उठणं ही शॅकची नोकरीच आहे, ते लक्षण धरू नका. सीझन नसतानाही झोप उलटीसुलटी झाली, वजन झपाट्याने उतरलं, पगार होऊनही सतत उसने पैसे लागू लागले, जुने मित्र एकेक करून तुटले, जबडा सारखा आवळलेला दिसू लागला, तर मात्र थांबू नका. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या शेजारी मनोविकार संस्था आहे, आयपीएचबी. तिथल्या ओपीडीत घेऊन जा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत, आधी तुम्ही एकट्याही बोलू शकता. आणि पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नका. ज्याला व्यसन लागलं आहे, ज्याच्यावर फक्त सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा आहे आणि जो स्वतःहून उपचार घ्यायला तयार आहे, त्याच्यासाठी कलम ६४ अ मध्ये खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या मुलाला सांगून ठेवा, ती त्याच्या नोकरीत कधीही लागेल. एखादा पाहुणा शुद्ध हरपून पडला तर १०८ ला फोन करायचा, त्याला कुशीवर वळवायचं म्हणजे उलटी घशात अडकत नाही, आणि मुद्दाम ओकायला लावायचं नाही. डॉक्टरांना ‘याने एमडी घेतलंय’ एवढंच सांगून भागणार नाही, कारण त्या नावाचं आता तुम्हाला कळलंच आहे. जे दिसलं ते सांगायचं. गोळी होती, पूड होती की कागद होता? केव्हा घेतलं, बरोबर दारू होती का? अंग तापलंय आणि बाहुल्या मोठ्या झाल्यात, की श्वास मंद आहे आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात? दुसरं दिसलं तर अफूच्या जातीचं काहीतरी असण्याची शक्यता मोठी, आणि त्यावर नॅलोक्सोन हा उतारा आहे, तो वेळेत मिळाला तर जीव वाचतो. रिकामं पाकीट, उरलेला तुकडा सापडला तर डॉक्टरांना दाखवायचा. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात रात्रपाळीच्या डॉक्टरांना अशी दोन सरळ वाक्यं मिळाली तर त्यांची मोलाची दहा मिनिटं वाचतात.

तुमच्या यजमानांना सांगा, त्यांची भीती खोटी नाही, पण कोल्हापूर हा उपाय नाही. मेफेड्रोनच्या अर्थाचा ‘एमडी’ महाराष्ट्रातही आहेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीत मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला, ते ठिकाण पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. शिक्षण तोडून, मित्र तोडून, आईबापांवरचा राग मनात धरून तिकडे गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा इथल्यापेक्षा जास्त एकटा पडेल.

बोलायला त्याच्या सुट्टीचा दिवस निवडा, शिफ्टच्या आधी किंवा रात्री उशिरा नको. यजमान शांत राहू शकत असतील तर त्यांनाही बसवा, नाहीतर पहिल्या वेळी तुम्ही दोघंच बसा. मित्राने फोनवर काय सांगितलं ते कळलं की मला पुन्हा लिहा. नंबर दिला गेला असेल तर तेही लिहा. मग आधी वकिलाशी बोलायचं, आणि ते कसं, त्याचं उत्तर मी सदरात न छापता तुमच्या पत्त्यावर पाठवीन.